जांभ्याच्या शेडचा पेंट बूथ करतोय, भिंतीला आतून काय लावू?

प्रश्न: दादा नमस्कार. कुडाळजवळ हायवेला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. आत्तापर्यंत ताडपत्री बांधून उघड्यावरच पेंट करायचो. आता मागची जांभ्याची शेड मोकळी झालीय, 26 बाय 14, उंची 10 फूट, वर सिमेंटचा पत्रा. पुढून गाडीचा दरवाजा, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट, फॅन-फिल्टरचं काम ठरलंय. अडलंय भिंतींवर. गवंडी म्हणतो प्लास्टर करून ऑइल पेंट मारा. मेव्हण्याचं टाइल्सचं दुकान आहे, तो म्हणतो पांढऱ्या टाइल्स लाव, रेट मी बघतो. इंटिरियरवाला पीव्हीसी पॅनल दाखवून गेला, दोन दिवसांत काम करून देतो म्हणाला. माझा पेंटर म्हणतो कशाला खर्च, दरवर्षी डिस्टेंपर मारू. पश्चिमेची भिंत पावसात ओली होते. महिन्याला आठ-दहा गाड्या असतात, मधेच टेंपो. बायको म्हणते आकाशी रंग द्या, बघायला बरं वाटेल. बजेट बेताचं आहे. काय करू?

उत्तर: मित्रा, पत्रावरून वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. पाच जणांनी पाच सल्ले दिलेत आणि गंमत म्हणजे प्रत्येकाने आपल्या दुकानात जे मिळतं तेच सांगितलंय, मेव्हण्याने टाइल्स, गवंड्याने प्लास्टर. तुझ्या पत्रातली खरी कामाची ओळ मात्र एकच, 'पश्चिमेची भिंत पावसात ओली होते'. त्यावर शेवटी येतो, कारण सगळा निर्णय तिथेच फिरणार आहे. आधी एकेकाला बाजूला काढू.

डिस्टेंपर नको. हात फिरवला की हाताला पांढरं लागतं ना, तेच फॅन चालू झाल्यावर क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक हातात, जाऊन बसणार आणि मग तुझा पेंटर दोन दिवस दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणि कंपाउंड घेऊन दाणे काढत बसणार. ताडपत्रीत धूळ येते म्हणून बूथ करतोयस आणि भिंतीलाच धूळ फासायची, कशासाठी?

ऑइल पेंटचं मात्र नीट सांगतो कारण ही चूक मी स्वतः केलीय. माझ्या पहिल्या शेडला नवीन प्लास्टरवर पांढरा सिंथेटिक इनॅमल मारला होता, तीन महिने आरशासारखी भिंत, येणारा प्रत्येक जण वा वा करायचा. पण सिमेंटचं प्लास्टर असतं अल्कली, त्यात ओल आली की ती अल्कली तेलाच्या रंगाला खाते, अक्षरशः साबण करते त्याचा, रंग चिकट होतो आणि पोपडे धरतो. हे झालं आतून. बाहेरून काय, तर माझा पोरगा गन धुवायचा आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर भिंतीवर उडवायचा, थिनर लागला की इनॅमल सुरकुततं, जुन्या रंगावर रिमूव्हर टाकल्यावर दिसतं तस्सं. एक दिवस काळ्या गाडीच्या बॉनेटवर शेवटचा क्लिअरचा हात मारून बाहेर येतोय आणि वरून नखाएवढा पांढरा पोपडा बरोब्बर मधोमध. बॉनेट परत घासलं, गाडी चार दिवस लेट, गिऱ्हाईक परत आलं नाही. त्यामुळे गवंड्याला चहा पाज आणि सांग की प्लास्टर तुझं, रंग माझा.

पीव्हीसी पॅनलवाल्याला तर गेटवरूनच परत पाठव. दिसायला सुरेख, धुता येतं, लोणा (ओलीने भिंतीवर फुटणारा क्षार) येत नाही, सगळं खरं. पण आपल्या थिनरमध्ये कीटोन असतात ते पीव्हीसीला मऊ करतात, उन्हाळ्यात त्या सिमेंटच्या पत्र्याखाली आणि पुढेमागे हीटर लावलास तर 60-70 डिग्रीला पॅनल वाकायला लागतं, प्लॅस्टिक असल्याने कपड्याने पुसलं की स्टॅटिक धरतं आणि गावभरची धूळ ओढतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आग. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर सोडतं, आत माणूस असेल तर त्याला दरवाजापर्यंत पोचायला मिळत नाही. अमेरिकेत स्प्रे बूथसाठी एनएफपीए 33 नावाचा स्टँडर्ड आहे, त्यातलं भिंतीबद्दलचं म्हणणं साधं आहे, की भिंत न जळणाऱ्या मटेरियलची पाहिजे, आतून गुळगुळीत आणि सलग पाहिजे, ओव्हरस्प्रे, म्हणजे गाडीवर न बसता उडालेली रंगाची भुकटी, साठून बसेल असे खाचे-कोपरे नकोत, आणि स्टीलची असेल तर पत्रा किमान 18 गेज म्हणजे 1.2 मिमी. आपल्याकडे कुणी तपासायला येवो न येवो, या चार गोष्टी पाळल्या की निम्मं डोकं शांत राहतं. तुझी जांभ्याची भिंत पहिल्या परीक्षेत तर आधीच पास आहे बघ, दगड काही पेटत नाही.

उद्या कुणी रेडिमेड सँडविच पॅनल घेऊन येईल, दोन्ही बाजूला पांढरा पत्रा आणि मधे फोम. तयार बूथ त्याचेच असतात आणि चांगले असतात, पण एकच प्रश्न विचारायचा, मधे काय भरलंय? थर्माकोल किंवा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) असेल तर नमस्कार, रॉकवूल (दगडाची न जळणारी लोकर) असेल तर बोलू. पण तुला दगडी भिंत उभी असताना तो खर्च करायची गरजच नाहीये.

आता मेव्हणा. इथे जपून बोलतो कारण घरातला मामला आहे. खरं सांगायचं तर टाइल ही वाईट वस्तू नाही, ग्लेझ्ड टाइलला थिनर काही करत नाही, जळत नाही, पांढरी राहते. घोळ आहे तो टाइलच्या मधल्या जॉइंटचा. 2 फूट बाय 1 फूटची टाइल धरली तर एका चौरस मीटरला साधारण 5 मीटर जॉइंट येतो. तुझ्या दरवाजा सोडून 700 चौरस फूट भिंती, म्हणजे 65 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे मीटर जॉइंट झाले रे! साधं सिमेंटचं ग्राउट भरलं तर ते स्पंजासारखं ओव्हरस्प्रे पिणार, वर्षभरात प्रत्येक रेघ राखाडी, आणि घासायला गेलास की कण सुटणार. इपॉक्सी ग्राउट घातलं तर हा त्रास बराच जातो पण मग टाइल, मजुरी, इपॉक्सी ग्राउट मिळून स्वस्ताई कुठे राहिली? शिवाय ओल्या भिंतीवर टाइल पोकळ वाजायला लागते आणि गाडीच्या बंपरचा एक धक्का लागला की तुकडा हातात. मेव्हण्याला नाराज करायचं नसेल तर बूथच्या बाहेर मिक्सिंगची खोली करशीलच, तिथे कट्ट्याला आणि मागच्या भिंतीला टाइल लाव, तिथे ती खरंच शोभते, सांडलेला रंग थिनरच्या बोळ्याने पुसला की झालं.

मग उरलं काय, तर दोन गोष्टी, प्लास्टरवर टू-पॅक रंग (हार्डनर वेगळा मिसळायचा तो) किंवा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा. आणि माझं म्हणणं असं की तू दोन्ही कर, तीन भिंती रंगव आणि चौथीला पत्रा मार. का ते सांगतो.

जांभा तुला माझ्यापेक्षा चांगला माहितीये, चिरा चाळणीसारखा असतो, पाणी पितो आणि महिनाभर सोडत राहतो. तुझी पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर झड खाते, बाहेरून आलेलं पाणी आतल्या बाजूने बाहेर पडायला बघतं, आणि आत तू इपॉक्सीचा हवाबंद थर दिलास की ते पाणी थराच्या मागे जाऊन फुगे काढतं. रंग कितीही भारी कंपनीचा असू दे, मागून दाब आला की सुटणारच. त्या भिंतीला बाहेरून प्लास्टर कर, वळचण दोन फूट पुढे काढ, पायाशी जमिनीवरून पाणी उडतं तिथे बघ, हे सगळं कर पण तरी मी तिच्यावर रंगाचा भरवसा ठेवणार नाही. तिला आतून दोन इंचाचे जीआय चॅनल उभे मारायचे आणि त्यावर 1.2 मिमीचा सपाट जीआय पत्रा, पांढरा पावडर कोटिंग केलेला. 260 चौरस फूट भिंत आहे, पत्र्याचं वजन साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलो होईल, त्यावरून फॅब्रिकेटरचा हिशोब तूच मांडू शकतोस. नालीदार छपराचा पत्रा नको हं, तो स्वस्त पडतो म्हणून सगळे तोच सुचवतील, पण प्रत्येक नालीत धूळ बसते. पत्र्याच्या कडा आधी बेंड मारून मागे वळवून घे म्हणजे बोल्ट मागच्या बाजूला जातात आणि आत रिव्हेटची डोकी दिसत नाहीत. बेंडिंग, होल, कटिंग सगळं आधी, पावडर कोटिंग शेवटी, आणि पत्रे कापायच्या आधीच कोटिंगवाल्याला विचार की त्याच्या ओव्हनमध्ये 10 फुटी पत्रा मावतो का, नाहीतर पत्रे कापून तयार आणि ओव्हन 8 फुटी, असं झालेलं मी पाहिलंय. पत्र्याच्या मागची पोकळी आतल्या बाजूने पूर्ण बंद पाहिजे, पण बाहेरच्या भिंतीला खाली-वर जाळी लावलेली दोन-दोन भोकं ठेव, म्हणजे ओल तिकडून निघून जाईल. आणि पत्र्याला अर्थिंग, हे विसरायचं नाही, इलेक्ट्रिशियनला चॅनलला वायर जोडून वेगळी अर्थ पट्टी द्यायला सांग.

पावडर कोटिंग परवडलं नाही आणि जागेवरच पत्रा रंगवायचा ठरवलास तर चकचकीत नव्या जीआयवर डायरेक्ट रंग मारू नकोस, तो सोलून येतो. आधी थिनरने तेल पुसून एच प्रायमर (etch, पत्र्याला चावून धरणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर, गाडीच्या जीआय पॅनलला करतोस तसंच, तुला शिकवायची गरज नाही.

आता बाकी तीन भिंती. इथे सगळं कौशल्य रंगाच्या आधीचं आहे. प्लास्टर नवीन असेल तर 28 दिवस थांबायचं, गवंडी पंधरा दिवसांत वाळलं म्हणेल, ऐकू नकोस. मग दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घे, चारही बाजूंनी टेपने भिंतीला हवाबंद चिकटव, संध्याकाळी लावलंस तर दुसऱ्या दिवशी दुपारी बघ, 16 तास तरी झाले पाहिजेत. आतून दवाचे थेंब आले किंवा मागचं प्लास्टर काळपट दिसलं तर अजून ओल आहे, पंधरा दिवसांनी परत. हे प्रत्येक भिंतीवर खाली, मधे, वर असं तीन ठिकाणी कर, आणि पश्चिमेच्या भिंतीलाही गंमत म्हणून एक लाव, मी पत्रा का म्हणतोय ते तुला डोळ्यांनी दिसेल. जुन्या भागाला पांढरा लोणा आला असेल तर तारेच्या ब्रशने घासून कोरडाच झाडून काढ, पाणी मारलंस की तो परत आत जातो.

आणि इथे एक सापळा आहे. आपल्याकडचे सगळे पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर प्लास्टर म्हटलं की हात आपोआप वॉल पुट्टीच्या गोणीकडे नेतात, पांढऱ्या सिमेंटची ती. घरात ठीक आहे. पण त्यावर इपॉक्सी मारला की इपॉक्सी वाळताना एवढा ओढून धरतो की खालची कमजोर पुट्टी प्लास्टरपासून सोलून निघते, पापडासारखी. खड्डे भरायचे ते इपॉक्सी पुट्टीनेच, थोडीच लागते. क्रम असा, इपॉक्सी प्रायमर किंवा सीलर एक हात, पुट्टी, घासणं, पुसणं, मग पांढरे दोन हात. 440 चौरस फूट म्हणजे 41 चौरस मीटर, एका हाताला पाचेक लिटर धर, प्लास्टर खरबरीत असेल तर पहिला हात जास्त पिईल.

वरचे दोन हात इपॉक्सीचे की पीयूचे (पॉलियुरेथेनचे), हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. इपॉक्सी स्वस्त आणि चिवट पण काळाने पिवळा पडतो, हीटर असेल तर लवकर. पिवळट भिंतीत पांढरी गाडी मॅच करायला उभा राहिलास की शेड चुकलाच म्हणून समज. म्हणून खाली इपॉक्सी आणि शेवटचा हात टू-पॅक अ‍ॅलिफॅटिक पीयू, तो पिवळा पडत नाही. शेवटचाच हात आहे, तिथे काटकसर करू नकोस.

बायकोला सांग आकाशी रंग घराच्या गच्चीला देऊ. बूथमध्ये रंगीत भिंत चालतच नाही, ट्यूबचा उजेड आधी भिंतीला लागतो आणि मग गाडीवर येतो, येताना भिंतीचा रंग घेऊन येतो. सिल्व्हर गाडीचा दरवाजा आकाशी बूथमध्ये तंतोतंत जुळलेला दिसेल आणि बाहेर उन्हात काढला की फेंडर वेगळा, दरवाजा वेगळा. सरळ स्वच्छ पांढरा, क्रीम नाही, ऑफ-व्हाइट नाही, ब्लू टोनचा 'सुपर व्हाइट' पण नाही. चांगली पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या आसपास परत फेकते म्हणून तेवढ्याच ट्यूबमध्ये दरवाजाखालचा सिल पॅनलसुद्धा दिसतो. फिनिश सेमी-ग्लॉस घे. फुल ग्लॉस पुसायला सोपा पण ट्यूबचा लखलखाट डोळ्यात घुसतो, मॅट डोळ्याला बरा पण त्याचा पोत ओव्हरस्प्रे धरून ठेवतो. पांढऱ्या बूथमध्ये पांढरी गाडी मारताना ओली कड दिसत नाही ही तक्रार खरी आहे, पण तिचा इलाज भिंतीत नाही, कमरेच्या उंचीला दोन्ही बाजूला ट्यूबची एक-एक लाइन दे, गाडीवर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि ते कुठे तुटतं ते बघत गन चालवायची. ट्यूब काचेमागे बंद, स्विच बूथच्या बाहेर, हे तू जाणतोसच.

रंगाचं काम कधी करायचं ते पण सांगून टाकतो. दिवाळी नुकतीच झालीय, प्लास्टर आत्ता करून घे, रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोकणात सकाळी भिंतीवर दव असतं ते डोळ्यांना दिसत नाही, साडेदहाच्या आधी डबा उघडू नकोस आणि चारनंतर बंद कर. हवेतला दमटपणा 85 टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी सुट्टी. हे एवढं टाळून एप्रिल ओलांडलास तर मग पावसाच्या तोंडावर घाई होते आणि घाईतली भिंत पहिल्याच श्रावणात फुगते.

कोपरे सोडू नकोस. भिंत आणि जमीन, भिंत आणि भिंत, जिथे दोन रंगवलेल्या बाजू भेटतात तिथे गवंड्याला दोन इंचाची गोलाई द्यायला सांग, हे तो मस्त करेल. काटकोनात झाडू जात नाही, हवा तिथे फिरते आणि रंगाची भुकटी साठते. पत्रा आणि प्लास्टर भेटतात तो जॉइंट मात्र सीलंटने भरावा लागेल, आणि इथे जिवावरचं सांगतोय, सिलिकॉन नको. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्याच ट्यूबला सिलिकॉन म्हणतात, पीयू सीलंट मागितलं तरी हातात सिलिकॉन देतात, ट्यूबवर लिहिलेलं स्वतः वाच. एकदा मी न वाचता दरवाजाच्या चौकटीला एक ट्यूब फिरवली आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक पॅनलवर फिश आय, मोहरीएवढे खड्डे, आधी कंप्रेसरचं तेल समजून फिल्टर बदलले, मग पेंटरला बोललो, मग थिनर बदललं, आणि चोर होता चौकटीत. सगळं खरवडून काढावं लागलं. त्याच कारणाने टायर शाइन, डॅशबोर्ड पॉलिश असली बाटली बूथच्या आसपाससुद्धा नको. भिंतीला ग्रीसचा किंवा डिझेलचा हात मार म्हणजे धूळ चिकटते असं सांगणारे जुने मिस्त्री भेटतील, त्यांनाही लांबूनच नमस्कार.

रंग आणायच्या आधी नमुना बघ. एक फुटाच्या पत्र्याच्या तुकड्यावर सगळा सेट मारून सात दिवस ठेव, मग तुझ्याच डब्यातल्या एनसी थिनरचा बोळा पाच मिनिटं त्यावर दाबून धर. बोळा पांढरा होऊन निघाला किंवा रंग नखाने ओरखडला तर ते मटेरियल परत कर. दुकानदाराला हे आधीच सांगितलंस तर तो चांगला डबा वरच्या फळीवरून काढतो, असा माझा अनुभव आहे.

सोलून काढायची कोटिंग मिळते, पांढरी, पाण्यातली, रोलरने मारायची आणि घाण झाली की चादरीसारखी ओढून काढायची. वस्तू छान आहे पण पातळ मारली तर सोलताना चिंध्या होतात आणि तू नखं झिजवत बसतोस. महिन्याला दहा गाड्यांना सगळीकडे नको, एक्झॉस्टच्या भिंतीला तेवढी मार कारण ओव्हरस्प्रे सगळा तिकडेच धावणार. बाकीच्या भिंती दर शनिवारी साबणाच्या पाण्याने, आणि घट्ट चिकटलेलं प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने, लोखंडी खरवडणी बूथमध्ये आणायची नाही, ठिणगी पडते.

तू टेंपो पण मारतोस म्हणालास. टेंपोला सिंथेटिक इनॅमल आणि गाडीच्या टचअपला एनसी, एकाच भिंतीवर दोन्हीची भुकटी एकावर एक बसली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, इनॅमलमधलं तेल वाळताना गरम होतं आणि एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, त्याला निमित्तच हवं असतं. त्यामुळे इनॅमलचं काम आलं की आधी भिंत, फिल्टर, जमीन साफ, काम झालं की परत साफ, आणि बोळे पाण्याच्या डब्यात बुडवून बाहेर. आळस आला तर टेंपो आपल्या जुन्या ताडपत्रीतच मारलेला बरा. आणि हो, भिंत पांढरी शुभ्र आहे म्हणून हवा स्वच्छ आहे असं समजू नकोस, टू-पॅकच्या हार्डनरमधला आयसोसायनेट दिसत नाही पण कायमचा दमा देतो, भिंतीला पीयू मारणाऱ्यालाही मास्क हवाच, रुमाल बांधून चालणार नाही.

वरच्या सिमेंटच्या पत्र्याखाली सपाट सीलिंग कर, तेही जीआयचंच, त्याचं वेगळं पत्र लिही, इथे घुसलो तर पान संपेल.

सगळं झालं की लगेच गिऱ्हाइकाची गाडी आत घेऊ नकोस. भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट आण, काळं मार, क्लिअर दे, फॅन चालू ठेवून तासभर तसंच राहू दे आणि मग टॉर्च तिरपा धरून बघ. दाणे एका बाजूला जास्त असतील तर त्या बाजूच्या भिंतीवर ओला काळा कपडा फिरव, त्याला काय लागलंय ते बघ आणि फोटो मला पाठव.